केगमधली बिअर बाटलीत: काउंटर-प्रेशर फिलर वापरून आठ महिने झाले

घरी केलेली बिअर केगमधून (दाबाखाली बिअर साठवायच्या धातूच्या पिंपातून) बाटलीत भरायची वेळ माझ्यावर येते ती कुणाला तरी द्यायची असली की. स्वतःला प्यायची तर नळाखाली ग्लास धरला की झालं, पण केग उचलून कुणाच्या घरी नेता येत नाही. आधी मी नळाच्या तोंडाला फूटभर नळी लावून बाटल्या भरायचे. त्याच संध्याकाळी प्यायची असेल तर तेवढं पुरतं. काही आठवडे ठेवली की मात्र बाटलीत राहिलेल्या हवेने बिअरची चव उतरते, आणि भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेली आयपीए जातीची बिअर तर रंगानेही काळवंडते. म्हणून काउंटर-प्रेशर फिलर घेतला. आतापर्यंत त्याने दीडशेच्या आसपास बाटल्या भरून झाल्या.

बिअरमध्ये वायू विरघळून राहतो तो दाब आणि थंडी यांच्या जोरावर. ३-४ अंश सेल्सिअसला १२ पीएसआय (दाबाचं एकक) दाबावर ठेवलेल्या केगमध्ये लिटरभर बिअरमागे साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. ती उघड्या बाटलीत सोडली की दाब एकदम जातो आणि सगळा फेस होतो. फिलर आधी बाटलीतच केगइतका दाब भरतो. दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून बिअर जागची हलत नाही. मग बारीक झडपेतून बाटलीतला वायू हळूहळू सोडायचा. जेवढा वायू बाहेर जाईल तेवढीच बिअर आत येते. हे पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा बिअर बुडापासून तेलासारखी संथ वर चढत होती आणि वर जेमतेम बोटभर फेस होता. मी झडप धरून नुसती बघत राहिले.

मात्र ते जमलं तिसऱ्या केगला. पहिल्या दोन वेळी केग गार होता, पण बाटल्या कपाटातून काढलेल्या, कोमट आणि कोरड्या. कोमट काचेला लागताच बिअर वायू सोडते, आणि कोरड्या काचेवर बुडबुड्यांना जागोजागी आधार मिळतो. आता बाटल्या आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये जातात आणि भरायच्या आधी आतून सॅनिटायझरने ओल्या करून निथळून घेते. तरीही पहिली बाटली फेसाळतेच, कारण फिलर आणि नळी तोवर गार झालेली नसते. ती पहिली मी देण्यासाठी धरतच नाही.

बिअर भरण्याआधी बाटलीतली हवा घालवायला फिलरसोबतच्या कागदावर ‘एकदा वायू भरून सोडा’ असं लिहिलं आहे. ते अजिबात पुरेसं नाही. १२ पीएसआय दाब भरून सोडला की बाटलीतल्या हवेपैकी निम्म्याहून थोडी जास्त हवा आतच उरते. तीनदा केलं तर साधारण सहावा हिस्सा उरतो, पाचदा केलं तर विसावा. मी पाचदा करते. वायू थोडा जास्त जातो, पण एवढा खटाटोप हवा बाहेर ठेवण्यासाठीच तर आहे.

आणि झाकण फेसावरच बसवायचं. यात हयगय नको. फिलर काढल्यावर फेस गळ्यातून वर येऊन काठावर फुगला, की त्या क्षणी झाकण ठेवून दाबायचं. गळ्यातली हवा फेसाने आधीच ढकलून दिलेली असते. फेस आलाच नाही तर चमच्याच्या दांड्याने बाटलीच्या खांद्यावर दोन टिचक्या मारते, येतो. भरताना थोडा वायू निसटतोच, म्हणून दोन दिवस आधी केगचा दाब २ पीएसआयने वाढवून ठेवते.

खात्री करायची म्हणून एकाच केगमधून एक बाटली जुन्या नळीने आणि एक फिलरने भरली, दोन्ही सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवून एकाच वेळी उघडल्या. नळीवालीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि हॉप्स गायब. फिलरवालीचा वास मात्र ग्लास नाकाशी नेण्याआधीच आला, केग पहिल्यांदा उघडला त्या दिवसासारखा.

तक्रारी आहेत. बाटलीच्या तोंडावर बसणारा रबरी शंकू चौथ्या महिन्यात कडेला चिरला आणि वायू फुसफुसायला लागला. खोक्यात जादा शंकू नव्हता आणि विक्रेत्याने कळवूनही पाठवला नाही. वायू सोडायची झडप वाळलेल्या बिअरने तुंबते, म्हणून दर वेळी सगळं सुटं करून गरम पाण्यात घालावं लागतं. अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्यांना पाऊण तास जातो, धुणं वेगळं.

काचेत दाब भरतो आहोत हे विसरू नका. टवका उडालेली, ओरखडे पडलेली किंवा चौकोनी शोभेची बाटली मी वापरत नाही, १५ पीएसआयच्या वर जात नाही आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असतोच. बिअर पूर्ण आंबून झालेली असल्याशिवाय भरू नका. केगमधल्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं. साखर उरली असेल आणि बाटली उबेत राहिली, तर आत दाब वाढतच जातो.

गव्हाच्या बिअरसाठी मात्र हा फिलर मी वापरत नाही. तिला लिटरमागे तीन लिटरहून जास्त वायू लागतो, आणि तेवढा धरून ठेवताना कितीही गार केलं तरी फेस आवरत नाही. तिला अजूनही बाटलीतच साखर घालते आणि दोन आठवडे थांबते.