रोल-प्लेचा सराव की ध्वनिमुद्रणावरचे पर्यवेक्षण?

समुपदेशनाच्या पदविकेला असलेल्या एका विद्यार्थिनीपुढे प्रश्न आहे की, आठवड्यातले मोकळे दोन तास सहाध्यायांबरोबरच्या रोल-प्लेला द्यावेत, की प्रत्यक्ष सत्राचे ध्वनिमुद्रण पर्यवेक्षकांसमोर, म्हणजे मार्गदर्शन करणाऱ्या अनुभवी समुपदेशकांसमोर, ऐकण्याला.

रोल-प्लेला खर्च नाही. समुपदेशक, क्लायंट आणि निरीक्षक या भूमिका आलटून पालटून करता येतात आणि चुकले तरी कोणाचे नुकसान होत नाही. मात्र मैत्रिणीने दुःखाचा अभिनय केला की शांतता टिकत नाही, कोणीतरी हसते. आणि शांतता पेलणे हेच तर शिकायचे असते.

ध्वनिमुद्रणासाठी क्लायंटची लेखी संमती, सुरक्षित साठवण आणि अनेकदा पर्यवेक्षकांचे शुल्कही लागते. दहा मिनिटांचा संवाद शब्दशः उतरवण्यात तासभर सहज जातो. पण "मला काही सुचतच नाही" या वाक्यावर आपण लगेच "योगासने करून पाहिलीत का?" असे विचारले होते, हे आठवणीवरून लिहिलेल्या टिपणात सहसा सापडत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्येच एका क्लायंटच्या ध्वनिमुद्रित सत्रांतील संवाद शब्दशः छापला होता.

खुले प्रश्न (ज्यांचे उत्तर नुसत्या हो-नाहीत संपत नाही) आणि भावनांचे प्रतिबिंबन (क्लायंटची भावना आपल्या शब्दांत त्याला परत सांगणे) अजून जिभेवर बसले नसेल, तर रोल-प्लेच पुरेसा आहे. क्लायंट मिळू लागले असतील, तर महिन्याला एक ध्वनिमुद्रण तरी पर्यवेक्षकांपुढे ठेवावे.