ट्रान्समीटरचा जनरेटर: डिझेल की पाइपचा गॅस?

रेडिओ केंद्राची वीज गेली की यूपीएस (बॅटरीवरची तात्पुरती वीज) काही मिनिटं तग धरतो; मोठ्या आपत्तीत पुढचे तीन-चार दिवस प्रसारण जनरेटरवरच काढायचं असतं.

डिझेलचा मोठा गुण म्हणजे इंधन आपल्याच आवारात असतं. 100 केव्हीए क्षमतेचा जनरेटर संच पूर्ण भाराला तासाला साधारण 20 ते 25 लिटर पितो, म्हणजे 72 तासांसाठी 1,800 लिटर धरून चाला. दगा देतं ते साठून राहिलेलं डिझेल. टाकीच्या तळाशी दमट हवेचं पाणी जमतं, त्यात जंतू वाढतात, काळपट बुळबुळीत गाळ होतो. मग ऐन वादळात संच सुरू होतो आणि थोड्याच वेळात फिल्टर तुंबून बंद पडतो. तळाचं पाणी नियमित काढा. महिन्यातून एकदा निदान 30 टक्के भारावर अर्धा तास चालवा. नुसता रिकामा फिरवलात तर न जळलेलं इंधन धुराड्यात साचतं.

पाइपच्या गॅसला ना साठा, ना गाळ. पुराने रस्ते बंद होऊन टँकर अडकले, तरी तो बहुधा मिळत राहतो. भूकंपात मात्र आगीच्या भीतीने पुरवठा मुद्दाम तोडतात, आणि नेमका तेव्हाच रेडिओ सर्वांत जास्त लागतो.

भूकंपप्रवण भागात डिझेलच घ्यावं: टाकी पूररेषेच्या वर, सुटे फिल्टर संचाशेजारी.