झुलिपमध्ये नवी संस्था उघडणारी कमांड

झुलिप हे मुक्तस्रोत चॅट ॲप्लिकेशन स्वतःच्या सर्व्हरवर बसवले की पहिली संस्था, म्हणजे एका गटाची स्वतंत्र चॅटजागा, उभी करण्याची वाट टर्मिनलमधूनच (कमांड टाइप करण्याच्या खिडकीतूनच) जाते, कारण येईल त्याने संस्था उघडू नये म्हणून वेबवरून ती उघडण्याची सोय सुरुवातीला बंद ठेवलेली असते. झुलिप जँगोवर (पायथॉन भाषेतील वेब-फ्रेमवर्कवर) बेतलेले असल्यामुळे या कामाच्या कमांड ‘मॅनेज डॉट पाय’ या त्याच्या व्यवस्थापन-स्क्रिप्टमध्येच मिळतात, आणि त्यांपैकी ‘जनरेट रेल्म क्रिएशन लिंक’ (रेल्म म्हणजे संस्थाच) ही मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वाटते.

ही कमांड स्वतः संस्था तयार करतच नाही. ती फक्त एक लिंक छापते, जी एकदाच वापरता येते आणि सेटिंग बदलले नसेल तर ७ दिवसांनी बाद होते. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ती लिंक संस्थेच्या भावी मालकाकडे पाठवायची. संस्थेचे नाव, सबडोमेन (पत्त्यात मुख्य डोमेनच्या आधी येणारे नाव) आणि स्वतःचा पासवर्ड हे सारे तो ब्राउझरमध्ये भरतो. त्यामुळे एकाच सर्व्हरवर अनेक गटांची सोय करणाऱ्याला कोणाचाही पासवर्ड ठरवावा, कळवावा किंवा लपवावा लागत नाही.

‘क्रिएट रेल्म’ ही दुसरी कमांड संस्था आणि तिचा पहिला मालक थेट टर्मिनलवरून तयार करते. स्क्रिप्टमधून काम उरकणाऱ्यांना ती उपयोगी आहे, मात्र बहुतेकांनी लिंकचाच मार्ग धरावा असे तिच्या मदतीच्या मजकुरातच स्पष्ट लिहिले आहे. (स्वतःची शिफारस न करणारी कमांड विरळाच.) रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू पाहिल्यास ‘मॅनेज डॉट पाय’ सरळ नकार देते आणि ‘झुलिप’ या वापरकर्त्याकडे वळण्यास सांगते, हेही योग्यच आहे.

उणीव जाणवते ती दुसऱ्या संस्थेपासून पुढे. प्रत्येक नव्या सबडोमेनसाठी डीएनएसमधील नोंद (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी) आणि त्या नावाला लागू पडणारे टीएलएस प्रमाणपत्र (सुरक्षित जोडणीसाठीचे) आपणच पाहावे लागते. त्याकडे दुर्लक्ष झाले तर संस्था डेटाबेसमध्ये असूनही सभासदांना तिथे पोहोचता येत नाही. शिवाय इतर कमांडना संस्था सांगताना ‘-आर’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि मुख्य डोमेनवरील संस्थेला सबडोमेनच नसल्याने तिथे मध्ये काहीही नसलेली अवतरणचिन्हांची जोडी ('') लिहावी लागते, जे नवख्याला सुचणे कठीण आहे. ‘लिस्ट रेल्म्स’ चालवून संस्थेचा क्रमांक पाहावा आणि तोच द्यावा, हे अधिक सोपे पडते.