तांब्याची गोळी: आठ महिने, दोन एल्क

गेल्या वर्षीचा डिसेंबर. बायकोनं फ्रीजरमधला एल्कचा (इकडचं मोठं हरीण) खिमा कढईत परतायला घेतला होता, मटार घालायचे तेवढे राहिले होते. "अहो, जरा इकडे या." उलथन्याच्या टोकावर मसुरीच्या दाण्याहून लहान, करड्या रंगाचा तुकडा. नखानं दाबला तर ओरखडा उठला. शिसं, आणि तेही माझ्याच गोळीचं. खिमा कचऱ्यात गेला आणि त्या रात्री ताटात पिठलं आलं.

ती गोळी अगदी साधी, १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), शिशावर तांब्याचं पातळ कवच असलेली. फऱ्याच्या हाडावर बसली आणि निम्मीअधिक चुरा झाली. मादी पन्नास पावलांत पडली होती, त्यामुळे शिकारी म्हणून माझी काही तक्रार नव्हती. तक्रार आली ती स्वयंपाकघरातून. नॉर्थ डकोटात २००८ साली गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात एक्स-रेमध्ये शिशाचे कण दिसले होते आणि ते मांस टाकून द्या असं सांगावं लागलं होतं, हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि उलथन्यावर बघणं वेगळं.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. आमच्या कोलोरॅडोत तशी सक्ती नाही. इथला कायदा एल्कसाठी किमान ६ मिलिमीटर कॅलिबर (म्हणजे गोळीची जाडी), किमान ८५ ग्रेनची आणि लागल्यावर पसरणारी गोळी मागतो, शिवाय १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा. माझ्यासारख्या थर्टी-ऑट-सिक्स काडतूसवाल्याला (नावातलं ऑट-सिक्स म्हणजे १९०६ साल) ही अट म्हणजे काहीच नाही. पण एल्कचा नर सव्वातीनशे किलोपर्यंत जातो, आणि कायद्यात बसणारी प्रत्येक गोळी त्याच्या फऱ्यातून आरपार जाईलच असं नाही.

आधी नॉस्लरची 'पार्टिशन' गोळी घ्यावी असं मनात होतं. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात एका मूसच्या (एल्कहूनही मोठं हरीण) अंगात गोळ्या खोल जाईनात, म्हणून जॉन नॉस्लर यांनी मधे तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली. पुढचं शिसं पसरतं, मागचं भिंतीआड शाबूत राहतं. एल्कसाठी आजही मी ती डोळे मिटून सुचवीन. पण पुढचा निम्मा भाग शेवटी शिशाचाच, म्हणजे उलथन्याचा प्रश्न तिथेच. म्हणून एप्रिलमध्ये निखळ तांब्याची घेतली. बार्न्स कंपनीनं १९८९ मध्ये एक्स बुलेट आणली तेव्हापासून हा प्रकार रुळला, आता बहुतेक मोठ्या कंपन्या काढतात. माझ्या खोक्यावरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं बरंवाईट सगळं त्या धातूबद्दल आहे.

पहिला धक्का दुकानात. जुनी वीस काडतुसं चाळीस डॉलरला मिळायची, ही अठ्ठावन्नला. दुसरा रेंजवर. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून एक पायरी खाली उतरून १६८ ग्रेनची घेतली. पहिल्या तीन गोळ्या जुन्या झिरोपेक्षा (दुर्बीण जिथे जुळवून ठेवली होती त्या बिंदूपेक्षा) अडीच इंच वर आणि चार इंच अंतरावर विखुरलेल्या. खोकं परत करायच्या विचारात होतो. मग रेंजवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "नळी कधी धुतलीस?" लाजेखातर खरं सांगितलं नाही. घरी येऊन तांबं काढणारं सॉल्व्हंट घातलं, तर निळ्या-हिरव्या चिंध्या निघतच राहिल्या, दोन संध्याकाळी. त्यानंतर त्याच गोळ्या १०० यार्डांवर सव्वा इंचात बसल्या. गोळी बदलताना नळी आधी घासून घ्या, नाहीतर दोष भलत्यालाच लागतो.

आता मुद्द्याचं. शिशाची गोळी मऊ, वेग कमी झाला तरी पसरते. तांब्याच्या गोळीला टोकाशी पोकळी असते, अंगातलं पाणी त्या पोकळीत जोरानं शिरलं की चार पाकळ्या मागे वळतात. तो जोर वेगातून येतो. लागताना साधारण सेकंदाला २००० फूट वेग हाताशी असावा, १८०० च्या खाली मी तरी भरवसा ठेवणार नाही. खोक्यावर २८०० छापलेलं, माझ्या बावीस इंची नळीतून क्रोनोग्राफवर (वेग मोजायचं यंत्र) सरासरी २७४० आले. गणित मांडून मी स्वतःला ३५० यार्डांची सीमा घालून घेतली. डोंगरावर हवा विरळ, तिथे वेग थोडा जास्त टिकतो, पण ती सवलत मी मोजली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रायफल सीझनला फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूला गेलो. माझा टॅग (शिकारीचा परवाना) मादीचा, सोबतच्या मित्राचा नराचा, त्याच्या रायफलीतही याच गोळ्या. तिसऱ्या दिवशी उजाडताना अॅस्पेनच्या झाडांच्या कडेला १४० यार्डांवर मादी थोडी तिरकी उभी. गोळी फऱ्यातून दोन्ही फुप्फुसांत आणि पलीकडून बाहेर. साठेक यार्ड गेली आणि बसली. फऱ्याचं मटण फार तर मूठभर खराब झालं. गेल्या वर्षी अख्खा फरा टाकला होता.

मित्राचं मात्र वेगळं झालं. ३१० यार्ड, नर पूर्ण आडवा, गोळी बरगड्यांच्या मधून. हाड नाहीच लागलं. नर जणू काही झालंच नाही असा चालत दाट झाडीत शिरला. पाउण तास आम्ही पाइनच्या सुयांवर रक्ताचे थेंब शोधत होतो, बोलणं बंद. दोनेकशे यार्डांवर तो सापडला, मेलेला. बाहेर पडतानाचं भोक अंगठ्याएवढंच. जवळ जाण्याआधी खात्री करायला मित्रानं फऱ्यात आणखी एक गोळी घातली होती, ती पलीकडच्या कातडीखाली मिळाली. चार पाकळ्या पाठीमागे वळलेल्या, कडांवर रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) रेघा. घरी सोनं तोलायच्या छोट्या काट्यावर ठेवली: १०.७ ग्रॅम. कोरी १०.९ असते.

म्हणजे ती तुटत नाही, हे खरं. पण हाड न लागता आणि वेग उतरल्यावर ती सुईसारखी जाते. म्हणून तांब्याबरोबर मी आता पूर्वीपेक्षा चार बोटं पुढे, फऱ्यावरच रोखतो. शिशाबरोबर हे करायला मटणासाठी जीव तुटायचा.

सोळा इंची नळीची थ्री-ओ-एट काडतुसाची रायफल असेल आणि चारशे यार्डांवर मारायची हौस असेल तर ही घेऊ नका, बाँडेड (कवचाला शिसं जोडून घेतलेली) शिशाची बघा. दाट झाडीत, दोन-अडीचशेच्या आत शिकार करणाऱ्यानं बिनधास्त घ्यावी. पाचपैकी चार तारे, पाचवा किमतीनं खाल्ला.

नोव्हेंबरातला पहिला खिमा बायकोनं तरीही ताटात पसरून, बोटांनी चाचपून मगच कढईत टाकला. काही निघालं नाही. मटार जरा जास्त झाले होते.