सांगलीतील एका कार्यालय-आखणी सेवेचा अनुभव

आमची करसल्ला आणि हिशेबलेखनाची पेढी अनेक वर्षे गणपती पेठेत तळमजल्यावर होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा आमची निम्मी दफ्तरे भिजली, आणि जुलै २०२१ मध्ये उरलेली वाचवताना सर्वांची दमछाक झाली. त्यानंतर आम्ही विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर सुमारे १,२०० चौरस फुटांची जागा घेतली आणि चौदा माणसांच्या कार्यालयाची आखणी शहरातीलच एका लहान इंटिरिअर सल्लागार संस्थेकडे सोपवली. तेथून आमचे कामकाज सुरू होऊन आता दीड वर्ष झाले आहे.

या संस्थेची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिने नकाशा काढण्याआधी आमचे काम पाहिले. मी पहिल्याच बैठकीत काचेची मोठी केबिन, फॉल्स सीलिंग आणि रंगसंगती यांबद्दल बोलू लागलो होतो. त्यावर आखणीकार बाईंनी फक्त एवढेच विचारले, ‘‘सर, आपण दिवसातून किती तास केबिनमध्ये असता?’’ मला नेमके उत्तर देता आले नाही. पुढे त्यांचा सहायक चार दिवस, त्यांतला एक जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याच्या २० तारखेचा, आमच्या जुन्या कार्यालयात कोपऱ्यात बसून राहिला आणि कोण कशासाठी खुर्चीवरून उठतो याची नोंद करत गेला. पक्षकाराची फाइल दारापासून स्कॅनिंग, नोंद, तपासणी आणि सही असा प्रवास करते. पण प्रिंटर शेवटच्या भिंतीला असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावरचा माणूस दुसऱ्याच्या खुर्चीमागून वाट काढत होता. इतकी वर्षे ते डोळ्यांसमोर असूनही मला दिसले नव्हते.

नव्या आखणीत टेबले फाइलच्या प्रवासाच्या क्रमाने लागली, प्रिंटर मध्यभागी आला आणि माझी केबिन निम्मी झाली. तेव्हा मी नाराज होतो, हे नमूद करतो. केबिनमधून वाचलेल्या जागेत पक्षकारांसाठी दोन लहान बंद खोल्या निघाल्या. आमच्याकडे तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ येथून शेतकरी आणि व्यापारी येतात. कर्ज, भावांमधील वाटणी, थकलेला कर अशा गोष्टी पूर्वी त्यांना सगळ्यांसमोर सांगाव्या लागत आणि अनेक जण अर्धेच सांगत. आता ते मोकळेपणाने बोलतात, त्यामुळे विवरणपत्रातील चुका आधीच लक्षात येतात.

दफ्तरांचा विचारही असाच मुळापासून झाला. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. त्या हिशेबाने वर्षवार रॅक आखले गेले, जुनी वर्षे वर आणि चालू वर्ष हाताशी. पुराचे पाणी पोहोचू नये म्हणून पार्किंगमधील वीजमीटरचे फलक वर घ्यावेत, असे इमारतीच्या सोसायटीला लेखी कळवण्याचा सल्लाही त्यांनीच दिला. सांगलीत कार्यालय उभारणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या मजल्यावर असूनही हे पाहावे, असे मला वाटते.

खिडक्या पश्चिमेला आहेत. दुपारचे ऊन संगणकाच्या पडद्यावर पडू नये म्हणून टेबले खिडकीला काटकोनात लावली आणि प्रकाश मापकाने मोजून दिवे बसवले. वाचन-लेखनाच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असावा या मापाने. उंची कमी असलेल्या दोन सहकारी ताईंसाठी पायाखाली पाट दिले. नऊ महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि आतून कडी असलेली लहान खोली आखली. जेवणाच्या टेबलासाठी जागा देण्याला, भाड्याचा हिशेब मांडून, मी विरोध केला होता. आता रोज दीड वाजता सगळे तेथे एकत्र बसतात आणि कामाच्या टेबलावर डबा उघडल्याने कागदांना लागणारे तेलाचे डाग बंद झाले आहेत.

तक्रारीही आहेत, आणि त्या लहान नाहीत. पंचेचाळीस दिवसांचे काम सत्तर दिवसांवर गेले, कारण त्यांचा सुतार मध्येच दुसऱ्या कामावर गेला. त्या काळात आम्ही दोन ठिकाणी भाडे भरले. अंदाजपत्रकात वायरिंगचा खर्च पुरेसा धरलेला नव्हता. इमारतीला लिफ्ट नाही, आणि गुडघेदुखीचे वयस्कर पक्षकार जिना चढताना थांबतात ही गोष्ट जागा निवडताना ना आम्ही विचारात घेतली ना त्यांनी. आता जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची ठेवली आहे आणि गरज पडल्यास आमचा माणूस खाली जाऊन कागद घेतो.

आवाजाचा प्रश्न सर्वांत त्रासदायक आहे. काचेची पार्टिशन आणि गुळगुळीत टाइल्स यांमुळे एका टेबलावरील फोन तिसऱ्या टेबलापर्यंत स्पष्ट ऐकू येतो, आणि जुलैत विवरणपत्रांची गर्दी असताना तपासणीचे काम करणाऱ्यांना आकडे पुन्हा मोजावे लागतात. हे कळवल्यावर बाई स्वतः येऊन अर्धा दिवस बसल्या, फोनवर जास्त बोलणारी टेबले दाराकडे हलवली आणि छताला व दोन भिंतींना आवाज शोषणारे पॅनेल सुचवले. त्या पॅनेलचे काम मी त्यांनाच देणार आहे; सुतार मात्र आमचा असेल आणि तारखा करारात लिहिलेल्या असतील.