एफएसएच-ईजीएफचे सात महिने: फुललेल्या क्युम्युलसवर भाळू नका

गीर गायींच्या ओपीयूतून (जिवंत गायीच्या बीजांडकोशातून सुईने बीजांडं ओढून घेणं) मिळणारी बीजांडं प्रयोगशाळेत परिपक्व करायचं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, आम्ही सात महिन्यांपूर्वी बदललं. आधी टीसीएम-१९९ हे मूळ द्रावण, १० टक्के सीरम आणि एफएसएच, एलएच, इस्ट्राडायोल हे प्रजननाचे हार्मोन असं असायचं. आता एलएच काढून मिलिलीटरला १० नॅनोग्रॅम ईजीएफ (पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रथिन) घालतो. बाकी तेच, ३८.५ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २२ ते २४ तास.

पहिल्या आठवड्यात आम्ही जाम खूश. सकाळी डिश मायक्रोस्कोपखाली धरली की क्युम्युलस, म्हणजे बीजांडाभोवतीचा पेशींचा थर, पिंजलेल्या कापसासारखा! फोटो काढून सगळ्यांना पाठवले. आठवड्याने ब्लास्टोसिस्ट, म्हणजे फलनानंतर वाढलेले भ्रूण, मोजायला बसलो तेव्हा मात्र उत्साह ओसरला. आकडा थोडा वाढला होता, पण फुलोऱ्याच्या मानाने काहीच नाही. क्युम्युलस फुलला म्हणजे त्या पेशींनी हायल्युरोनिक आम्ल तयार केलं, एवढंच. बीजांडाच्या पोटातली तयारी त्यावरून कळत नाही. बीजांड फॉलिकलबाहेर (ते वाढतं त्या पिशवीबाहेर) काढलं की त्याचं केंद्रक तर हार्मोनशिवायही परिपक्वतेकडे सरकतं. पिंकस आणि एन्झमन यांनी १९३५ मध्येच सशांत हे दाखवलं होतं.

एलएच काढल्याची खंत नाही. गायीच्या अंगात तो फॉलिकलच्या भिंतीतल्या ग्रॅन्युलोसा पेशींवर काम करतो आणि त्या ॲम्फिरेग्युलिन, एपिरेग्युलिन असे ईजीएफच्या कुळातले निरोपे पुढे धाडतात. डिशमध्ये भिंतच नाही, मग निरोप द्यायचा कोणी? म्हणून थेट ईजीएफ देणं पटतं. एफएसएच मात्र सोडू नका. एकदा नुसत्या ईजीएफवर ठेवून पाहिलं, फुलोरा मंदावला.

खरी तक्रार वेगळीच. ओपीयूत व्हॅक्यूम जरा जास्त झाला की बीजांडं क्युम्युलसविना उघडीबोडकी येतात. ईजीएफचा परिणाम मुख्यतः क्युम्युलसमार्फत होतो, त्यामुळे अशांना तो घातला काय न घातला काय. महाराष्ट्रात गोवंश कत्तलबंदी असल्याने कत्तलखान्यातून गायीचे बीजांडकोश येत नाहीत. हाती येतात ती मोजकीच बीजांडं, त्यातलं एकेक गेलं की जीव हळहळतो. मिश्रणापेक्षा आधी सुईचा दाब सुधारला असता तर पैसे वाचले असते.

एफएसएचचे छोटे भाग करूनच गोठवा. एक व्हायल आम्ही तीनदा वितळवली आणि त्या खेपेचा निकाल दोन आठवडे कोड्यात टाकून गेला. इस्ट्राडायोल मीडियमच्या थेंबांवर झाकण म्हणून घातलेल्या मिनरल ऑइलमध्ये झिरपतो, म्हणून थेंबांऐवजी विना-तेलाच्या वेल प्लेट घेतल्या.

सध्या हेच म्हशींवर लावून पाहतोय. त्यांचे बीजांडकोश कत्तलखान्यातून मिळतात, त्यामुळे एकेक घटक काढून बघताना हात थरथरत नाही.