शाळेची रद्दी आणि प्लास्टिक नेणारं भंगार दुकान (कुपवाड रोड, सांगली)

सांगलीत शाळेचा सुका कचरा उचलणारं कुणी शोधत असाल, तर विश्रामबागेतून कुपवाडकडे जाताना लागणाऱ्या या भंगार दुकानात एकदा जाऊन बोला. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, मुलांचा पर्यावरण गट, म्हणजे हरित सेनाही माझ्याकडेच आहे. वर्गावर्गातून कागद आणि प्लास्टिक गोळा करून विकायचा आमचा उपक्रम टिकला, त्याचं मोठं श्रेय मी या दुकानाला देते. गोळा करायला मुलं एका पायावर तयार असतात. खरी अडचण त्यानंतर येते. पोती व्हरांड्यात साठतात, न्यायला कुणी येत नाही, उंदीर होतात आणि मग शाळेतलं कुणीतरी म्हणतंच, "बाई, बंद करा हे."

दुकानाचे मालक (मुलं त्यांना काका म्हणतात) माल न्यायच्या आधी स्वतः शाळेत आले. आम्ही भरलेलं एक पोतं त्यांनी मैदानात ओतलं, मुलांना भोवती बसवलं आणि काय चालतं, काय चालत नाही ते एकेक वस्तू उचलून दाखवलं. वहीचा पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा. तिन्हींचे भाव वेगळे, आणि एकत्र केलं की सगळ्याला हलक्या मालाचा भाव लागतो. स्टेपलरच्या पिना राहिल्या तरी चालतात, त्या कागदाच्या मिलमध्ये लगद्यातून निघतात. वह्यांना घातलेली प्लास्टिकची कव्हरं, चमकीचा गिफ्ट पेपर आणि डब्यातला तेलकट कागद मात्र अजिबात नको. "एक तेलकट कागद धा कागद खराब करतोय बघा," असं ते म्हणाले, आणि आता पाचवीतली पोरंसुद्धा हे वाक्य एकमेकांना ऐकवतात.

प्लास्टिकचं तर त्यांनी फार सुंदर सांगितलं. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. 1 म्हणजे पेट, पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या. 2 म्हणजे शाम्पूच्या बाटल्यांचं जाड प्लास्टिक. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे बरेचसे डबे. पेट बाटलीचं झाकण बाटलीच्या जातीचं नसतं, म्हणून ते काढून वेगळं ठेवायचं. हे पटावं म्हणून त्यांनी बादलीभर पाण्यात बाटलीचा कापलेला तुकडा आणि झाकण टाकलं. तुकडा बुडाला, झाकण तरंगलं. कारखान्यातही दोन्ही असंच वेगळं करतात. आठवीला 'बल व दाब'मध्ये घनता शिकवताना मी आता हाच प्रयोग करते. यासाठी वेगळं साहित्य लागत नाही आणि मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येतात.

मला सर्वात जास्त विश्वास वाटला तो त्यांच्या नकारामुळे. बिस्किटं आणि कुरकुरीत खाऊची चकचकीत पाकिटं त्यांनी सरळ परत केली. प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना असा चिकटलेला असतो की ते वेगळं करणं परवडत नाही, त्यामुळे पुढे कुणी विकत घेत नाही. फुटक्या ट्यूबलाइट तर त्यांनी पोत्यात टाकूच दिल्या नाहीत, त्यात पारा असतो. जुने संगणकही घेतले नाहीत. ते नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राकडेच द्या, असं स्पष्ट सांगितलं. धंदा सोडून देणारा माणूस मालाचंही खरंच सांगत असणार, असं माझं मत झालं.

वजनाचंही तसंच. पूर्वी एक जण ताणकाटा घेऊन यायचा, पोतं अधांतरी उचलायचा आणि आकडा आपणच सांगायचा. इथे टेम्पोसोबत इलेक्ट्रॉनिक काटा येतो. सातवी-आठवीची मुलं आकडा वाचतात, वहीत लिहितात, आणि पावतीवर प्रत्येक मालाचं वजन नि भाव वेगळा येतो. शाळेच्या हिशेबाला अशी पावती लागतेच. पहिल्या पैशांतून मुलांनी सफाईच्या मावशींसाठी चांगले हातमोजे घ्यायचं ठरवलं. मला फार बरं वाटलं.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी. जुने बाक, पंखे, कपाटं डेड स्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) असतात. निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी करणं, मंजूर झाल्याशिवाय ती भंगारात देऊ नका, दुकानदार कितीही चांगला असो. दुसरी गोष्ट उत्तरपत्रिकांची. ठेवायची मुदत संपलेलीच द्या, आणि मुलांची नावं असलेलं पहिलं पान आधी फाडून घ्या. या दुकानातून कागद गठ्ठे बांधून मिलला जातो, सुटा विकला जात नाही. हे मी जाऊन पाहिलं. आपल्या सांगलीत भडंग आणि शेंगदाण्याच्या पुड्या अजून छापील कागदात बांधून मिळतात. शाईमुळे खाद्यपदार्थांना असा कागद वापरायला मनाई आहे, आणि तिथे आपल्या विद्यार्थ्याचे गुण दिसावेत हे मला तरी सहन होणार नाही.

उणिवाही सांगते. साधारण शंभर किलो माल झाल्याशिवाय टेम्पो येत नाही, त्यामुळे छोट्या शाळांनी शेजारच्या शाळेशी बोलून एकत्र बोलवावं. टेम्पोभाडं धरून भाव लावतात, म्हणून स्वतः दुकानात नेऊन घातलं तर किलोमागे थोडे जास्त मिळतात. परीक्षा संपल्यावर घरोघरची वह्या-पुस्तकं निघतात, तेव्हा फोन केला तरी आठवडाभर थांबावं लागतं. इथे त्यांनी एखादा माणूस वाढवायला हवा. भिजलेला कागद ते घेत नाहीत, ते बरोबरच आहे; बुरशी लागली की अख्खा गठ्ठा जातो. 2019 च्या पुरात गावभागात चिखल झालेल्या वह्या-पुस्तकांचे ढीग ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आम्ही आता पोती वरच्या मजल्यावर जिन्याखालच्या कोरड्या जागेत, फळ्यांवर ठेवतो.

बोलावताना मधल्या सुट्टीची वेळ आधीच सांगा. मुलं मैदानात असताना टेम्पो आत घेऊ नका असं आम्ही म्हटलं, ते त्यांनी एकदाही मोडलेलं नाही. पोती आदल्या दिवशीच फाटकाजवळ आणून ठेवली, की अर्ध्या तासात वजन, पावती आणि पैसे, सगळं होतं.